मास्तरांचा ब्रेक

मास्तरांच्या उजव्या पायाला स्वतंत्र डोकं आहे, असं त्यांची बायको म्हणायची. म्हणजे जेव्हा ती बोलत होती तेव्हा. न्हाव्याचा वस्तरा कानाजवळ आला की मास्तरांचा पाय खाली दाबला जाई. सिनेमात नायकाची गाडी कड्याकडे निघाली की पुढच्या खुर्चीला लाथ बसे आणि तिच्यातला माणूस मागे वळून बघे. यात मास्तरांचा तरी काय दोष? उभी हयात त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवली होती, आणि शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा चुकला की तो दाबायचा. मास्तर चुकायच्या आधीच दाबत. त्यांच्या हाताखाली गाडीला कधी ओरखडा गेला नाही, हा त्यांचा लौकिक होता. शिकून गेलेल्यांपैकी किती जणांना पुढे एकट्याने गाडी चालवता आली, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि तेही शोधायला गेले नाहीत.

बायको त्यांना भेटली ती खिडकीत. शहराच्या बसस्थानकावर ती चौकशीच्या खिडकीमागे बसायची. तरुणपणी मास्तर एकदा कुठल्याशा गाडीची वेळ विचारायला गेले आणि मग जातच राहिले. रोज नवं गाव, रोज नवी चौकशी. शेवटी एक दिवस तीच वैतागून म्हणाली, "अहो, तुम्हाला जायचंय तरी कुठे? एकदाचं सांगा, म्हणजे मी स्वतः गाडीत बसवून देते." मास्तर वर टांगलेल्या पाटीवरची गावं वाचू लागले. मग तिनेच गाडीचा विषय सोडून चहाचा काढला, आणि पुढचं सगळं रीतसर झालं.

लग्नानंतरही तिची खिडकी सुटली नाही. सगळं शहर तिला चौकशीबाई म्हणे. बाजारात भाजी घेताना लोक तिला गाड्यांच्या वेळा विचारत आणि ती भाजी निवडता निवडता सांगे. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागते, कुठे उतरून कुठली पकडायची, रात्री उशीर झाला तर बाईमाणसाने कुठे थांबावं, सगळं तिच्या जिभेवर. घरी आली तरी तोंडाचा पट्टा सुरूच. मास्तरही काही मुके नव्हते. दोघांच्या बोलण्याने घराच्या भिंतींचेही कान किटले असतील.

मास्तरांची शिकवणीशाळा मालकाच्या म्हातारपणाबरोबर बंद पडली. घरी बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता. एका कंपनीला चांगले ड्रायव्हर हवे होते. ही कंपनी गाडीत बसवायचं सॉफ्टवेअर करत होती. ड्रायव्हरने स्टिअरिंगवर हात ठेवून नुसतं लक्ष द्यायचं. वेग सांभाळणं, रांगेत राहणं, वळणं घेणं हे गाडी स्वतः करणार. ती कुठे चुकते ते बघण्यासाठी कुणीतरी रोज तिच्यात बसून शहरभर फिरायला हवं होतं. पहिल्याच दिवशी मास्तरांनी शेजारी बसलेल्या इंजिनिअर मुलीला विचारलं, "हिच्याकडे लायसन्स आहे का?"

"नाही काका. तुमचंच आहे," ती म्हणाली. "गाडी तिने चालवली तरी जबाबदारी तुमचीच."

"म्हणजे नेहमीचंच," मास्तर म्हणाले आणि पट्टा बांधून मोकळे झाले. ते गाडीला 'पोरगी' म्हणू लागले. शिकाऊ म्हणून लाल अक्षरांची पाटी लावू या, असंही त्यांनी सुचवलं होतं, पण कंपनीने ते मनावर घेतलं नाही.

सरळ रस्त्यावर पोरगी गुणाची होती. सिग्नलला थांबे, सुटला की निघे, पुढच्या गाडीच्या अंगचटीला जात नसे. घोडं अडायचं ते दवाखान्याच्या तिठ्यावर. तिथे दवाखान्याच्या उंच भिंतीला लागून एक अरुंद रस्ता येतो आणि तिरका मोठ्या रस्त्याला मिळतो. सिग्नल नाही. कोपऱ्यावर रुग्णवाहिका उभ्या असतात, त्यामुळे काही दिसत नाही. समोरून येणारी वाहनं वळणावरून भरधाव येतात, आणि आपल्याला त्यांच्या आडवं जाऊन पलीकडची बाजू गाठायची असते. ती गाठली की लगेच पांढरे पट्टे, आणि पट्ट्यांवर रुग्णांचे नातेवाईक, ज्यांचं लक्ष रस्त्याशिवाय सगळीकडे असतं.

पोरगी तिथे येऊन थांबे. मग हळूच पुढे सरके, अगदी वीतभर. पुन्हा थांबे. पुन्हा वीतभर. आणि मास्तरांचा पाय पडे. ब्रेक दाबला की सॉफ्टवेअर बाजूला होतं, गाडी ड्रायव्हरच्या ताब्यात येते. मग मास्तर आपल्या हाताने झोकात वळण घेत आणि शेजारची मुलगी काही न बोलता मांडीवरच्या लॅपटॉपवर नोंद करी. महिनोन्‌महिने गेले, तरी त्या तिठ्यावर पोरगीने एकही वळण स्वतः पुरं केलं नव्हतं.

थंडी सरताना घरात ते झालं. सकाळी केस विंचरताना बायकोच्या हातातून कंगवा पडला, आणि तो उचलायला वाकलेली ती तिथेच बसली. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. वेळेत दवाखाना गाठला म्हणून जीव वाचला, चालणंही जमू लागलं, उजवा हात तेवढा थोडा लुळा राहिला. पण बोलणं गेलं. गेलं म्हणजे पार नव्हे. समजत सगळं होतं, सांगायचंही सगळं होतं. शब्द मात्र सापडत नव्हते. ती "मला..." म्हणे आणि तिथेच अडे. ओठ हलत, कपाळावर आठ्या पडत, डावी मूठ आवळली जाई. डॉक्टर म्हणाले होते, बोलती राहिली तर बरंच परत येईल. गप्प बसली तर मात्र अवघड आहे.

मास्तरांनी कंबर कसली. ती अडली रे अडली की शब्द हजर. "मला..." "पाणी? हे घे." "तो..." "दूधवाला? येऊन गेला." "उद्या..." "उद्या नाही गं, तपासणी परवा आहे." कधी बरोबर निघे, कधी नसे. चुकलं तरी ती मान डोलवी, कारण नाही म्हणून पुन्हा सुरुवात करण्यापेक्षा मान डोलवणं सोपं. मास्तरांना वाटे, चला, निदान तिचे कष्ट वाचले. त्यांचं प्रेमच तसं होतं, दुसऱ्याला ठेच लागायच्या आधी दगड उचलणारं.

एका रविवारी बसस्थानकाचे साहेब घरी आले, फुलं आणि फळं घेऊन. भला माणूस. तब्येतीची चौकशी झाली, आणि मग खुर्चीत पुढे सरकून त्यांनी तिलाच विचारलं, "काय, परत येणार ना खिडकीत? आम्ही जागा भरलेली नाही."

तिने डावा हात उचलला. तोंड उघडलं. "मी..."

"आता कुठलं जमतंय साहेब," मास्तर म्हणाले. "तिथे लोकांची घाई, आरडाओरडा. हिने खूप केलं. आता आराम करू दे." साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. तिचा हात खाली आला. ती उठून आत गेली. थकली असेल, असं मास्तर म्हणाले आणि साहेबांना फाटकापर्यंत पोचवून आले. आठवड्याभरात तिची खिडकीतली उशी, कप आणि शाल एका खोक्यातून घरी आली. तिने ते खोकं न उघडता पलंगाखाली सरकवलं.

त्यानंतर तिचं "मला..." कमी कमी होत गेलं. आधी दिवसातून पुष्कळदा येई, मग संध्याकाळी एखाद्याच वेळी, जेवणं झाल्यावर. मास्तर आणखी जोमाने शब्द पुरवू लागले. दिवसेंदिवस घर शांत होत चाललं होतं, आणि त्या शांततेची त्यांना धडकी भरे. लग्नाआधी जिचा आवाज ऐकायला ते खोट्या चौकशा करत, तिचा आवाज आपल्या डोळ्यांदेखत विझतोय, हे त्यांना कळत होतं. का विझतोय ते कळत नव्हतं.

बोलणं परत शिकवणाऱ्या बाईंकडे ते तिला घेऊन जात. छोटी खोली, टेबल, चित्रांचे पत्ते. बाई एक पत्ता उचलून विचारत, "हे काय?" आणि पहिल्या बाकावरच्या हुशार मुलासारखे मास्तर सांगत, "छत्री!" दोन-तीनदा असं झाल्यावर बाईंनी दार उघडलं. "काका, तुमचा अभ्यास पक्का आहे. तुम्ही जरा बाहेर बसा."

मास्तर बाहेर बाकावर बसले. दार पातळ होतं. आतून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग बायकोचा आवाज आला, "कि... किल्ली." पुन्हा शांतता, आणि मग, "घ... घड्याळ." मास्तर ताठ बसले. बाईंनी विचारलं, "घरी कोण असतं?"

"हे."

"हे दिवसभर काय करतात?"

खूप वेळ गेला. मास्तरांना वाटलं, आत जाऊन सांगावं, गाडी चालवतो म्हणून. तेवढ्यात उत्तर आलं. "बो... बोलतात." आणि दोघी हसल्या. बायकोचं हसणं मास्तरांनी थंडीनंतर पहिल्यांदा ऐकलं. त्यांना आनंद झाला आणि त्याच क्षणी बोचलंही, कारण आपण खोलीत नसलो की ती जास्त बोलते, हे आता दाराआडून सिद्ध झालं होतं.

निघताना बाईंनी त्यांना बाजूला घेतलं. "त्या बोलायला लागल्या की काही करू नका. वाट बघा."

"तिचे हाल बघवत नाहीत हो मला."

"ते हाल नाहीत काका. ते त्यांचं बोलणंच आहे. सध्या ते असं दिसतं."

मास्तरांनी कबूल केलं, आणि त्याच संध्याकाळी ती "मला..." म्हणाली तेव्हा तोंडातून "शाल देऊ?" निसटलंच. जित्याची खोड, दुसरं काय. तिने मान डोलवली. मास्तरांनी शाल आणून तिच्या खांद्यावर टाकली. उकडत होतं, तरी ती शाल पांघरून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या तिठ्यावर पुन्हा तेच. पोरगी सरकली, मास्तरांचा पाय पडला. या वेळी इंजिनिअर मुलीने गाडी कडेला घ्यायला लावली आणि लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला.

"काका, एक दाखवते. तुम्ही ब्रेक दाबला नसता तर काय झालं असतं, ते कॉम्प्युटर अंदाजाने काढून देतो. हे बघा. इथे ती स्वतःच थांबली असती. इथेही. आणि इथे वळून सुखरूप गेली असती."

"आणि इथे?" मास्तरांनी बोट ठेवलं.

"इथे तुम्ही बरोबर होता," मुलगी लगेच म्हणाली. "ऊन डोळ्यावर होतं, खांबामागची सायकल तिला दिसलीच नव्हती. तुम्ही होता म्हणून निभावलं. तशा वेळी दाबाच. पण बाकीच्या वेळी?"

"बाकीच्या वेळी ती पुढे घुसत होती. दिसत नसताना घुसायचं नाही, हे मी पहिल्या दिवशी शिकवतो."

"घुसत नाही हो ती. रुग्णवाहिकेच्या आडून तिला काही दिसत नाही, म्हणून नाक बाहेर काढते. नाक काढलं की कॅमेऱ्यांना दिसतं. आणि समोरच्यांनाही ती दिसते. कुणी वेग कमी करतो, कुणी करत नाही, त्यावरून जायचं की नाही ते ती ठरवते. ती विचारत असते, काका. तुम्ही तेवढ्यात ब्रेक दाबता. मग तिला पुढे काय म्हणायचं होतं ते आम्हालाही कळत नाही आणि तुम्हालाही."

मास्तर समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिले, इतका वेळ की मुलीला वाटलं, आपण जास्त बोललो. "रागावलात?" तिने विचारलं.

"नाही गं," मास्तर म्हणाले. "चल, परत घेऊ."

वळसा घालून ते पुन्हा त्या अरुंद रस्त्याने आले. पाय ब्रेकच्या वर होता, खरी गरज पडली तर पडायला तयार, पण नुसता वर. पोरगी थांबली. वीतभर सरकली. मास्तरांच्या मांडीत कळ आली. समोरून एक टँकर धडधडत गेला. पोरगी जागची हलली नाही. पुन्हा वीतभर. वळणावरून येणाऱ्या स्कूटरवाल्याने तिचं नाक पाहिलं, वेग कमी केला, हाताने 'जा' म्हणून खूण केली. पण त्याच्या मागे कार होती आणि ती काही थांबायच्या बेतात नव्हती. पोरगीने कारलाही जाऊ दिलं. मागून हॉर्न वाजायला लागले. मास्तरांच्या कानशिलावरून घाम ओघळला. मग रस्ता मोकळा झाला आणि ती निघाली, रेंगाळत नाही, घाबरत नाही, वळली, आणि अर्ध्या वळणात पट्ट्यांजवळ थबकली. मोबाइलमध्ये डोकं घातलेला एक माणूस औषधांची पिशवी हलवत पट्ट्यांवर उतरला होता. तो पलीकडे पोचेपर्यंत ती थांबली. मग वळण पुरं केलं आणि रस्त्याला लागली.

मुलगी टाळ्या वाजवत होती. मास्तरांनी पाय मागे घेतला. "हुशार आहे," एवढंच ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते गाडीसाठी नव्हतं. त्यांना साहेब घरी आले होते तो रविवार दिसत होता, बायकोचा उचललेला हात दिसत होता. 'मी' म्हणून झालं होतं तिचं. पुढे काय होतं ते आपल्याला आजवर माहीत नाही, हे त्यांना आत्ता कळलं.

त्या संध्याकाळी जेवणं झाली. बायको डाव्या हाताने ताटं एकात एक ठेवत होती. ठेवता ठेवता थांबली.

"मला..."

मास्तरांनी ओठ मिटले. पाणी, गोळी, उशी, पंखा, सगळे शब्द दाताशी येऊन रांगेत उभे राहिले होते. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर कुणीतरी कुणाशी भांडत होतं. मोरीतला नळ ठिबकत होता. तिने सवयीने त्यांच्याकडे पाहिलं, आता हे काहीतरी आणून देणार म्हणून. मास्तर हलले नाहीत. तिला आश्चर्य वाटलं, मग जरा रागच आला. एरवी धावून येणारा माणूस आज असा ढिम्म का? "मला..." ती पुन्हा म्हणाली. गळ्याची शीर ताठ झाली. मूठ टेबलाच्या कडेवर आपटली. मास्तरांना ते सोसवत नव्हतं. त्यांनी खुर्चीच्या दांड्या घट्ट धरल्या आणि ते बसून राहिले.

"मला... विचारलं... नाहीत."

काय विचारलं नाही, हे तिला सांगावं लागलं नाही. अगं, तुझ्या भल्यासाठीच, तुझे हाल नकोत म्हणून, हे वाक्य अख्खं तयार होतं मास्तरांकडे. ते त्यांनी गिळलं.

"नाही विचारलं," ते म्हणाले. "चुकलो मी. आता विचारतो. तुला परत खिडकीत बसायचंय?"

"हो."

हा शब्द मात्र न अडखळता आला, पूर्वीच्या आवाजात. मास्तरांना इतकं भरून आलं की ते उठलेच. "बस्स! उद्याच साहेबांना भेटतो. म्हणतो, सुरुवातीला सोबत एखादी मुलगी द्या, लोकांना मी समजावून सांगेन, तू फक्त..."

तिने डावा तळवा वर केला. मास्तर वाक्याच्या मधोमध थांबले आणि पुन्हा खाली बसले.

"मी... जाईन," ती म्हणाली. मग पुढचं शोधू लागली. डोळे मिटले, उघडले. एक शब्द आला, तो तिला नको होता. तिने मान हलवून टाकून दिला. दुसरा आलाच नाही. शेजारचा टीव्ही बंद झाला. मास्तर तिच्या तोंडाकडे बघत बसले होते, तरुणपणी खिडकीसमोर उभे राहत तसे, कुठली गाडी, कुठलं गाव याची कसलीही घाई नसलेले.

"नाही... जमलं... तर," ती म्हणाली, आणि दम घेतला. "तर मी सांगेन. तुम्ही नाही."